हार्ड डिस्कचा सातबारा

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण ज्यांच्या घरात कधी वाटणी झालीय त्यांना तो अजिबात जड जाणार नाही.

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा एका साप्ताहिकात होतो. घरी सेकंडहँड कॉम्प्युटर होता, हार्ड डिस्क ४० जीबीची. त्यातले २२ जीबी विंडोज एक्सपीला दिले होते आणि १५ जीबी लिनक्सला. म्हणजे एका मशीनमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम. बटण दाबलं की मशीन विचारणार, आज कुणाला उठवू? याला ड्युअल बूट म्हणतात. (४० मधून ३७ च का, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. डिस्क विकणारा जीबी मोजतो हजाराच्या पटीत आणि विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. चोरी नाही, मापं वेगळी.)

लिनक्सच्या वाट्यात मी माझं सगळ्यात मोलाचं काम ठेवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या तीसएक म्हाताऱ्या माणसांशी तीन वर्षं बोलून लिहून काढलेल्या नोंदी. सुकडी कशी मिळायची, हजेरीपटावर अंगठा कोण घ्यायचं, कुणाचं बाळंतपण कामावरच झालं, असलं सगळं. ते लिनक्समध्ये ठेवायचं कारण साधं होतं. त्या काळात पेन ड्राइव्ह लावला की विंडोजमध्ये व्हायरस ठरलेला. म्हटलं, लिनक्समध्ये सुरक्षित राहील.

एक्सपी हळू चालायला लागलं म्हणून मशीन दुकानात दिलं. दुकानातला पोरगा चांगला होता. त्यानं न सांगता माझ्या ‘माय डॉक्युमेंट्स’चा बॅकअपसुद्धा घेतला. मशीन परत देताना म्हणाला, "दादा, तुमची पंधरा जीबी नुसतीच पडून होती. अननोन दाखवत होती. मी ती सी ड्राइव्हला जोडून दिली. आता जागाच जागा."

त्या पोराला मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. एक्सपी टाकताना येणाऱ्या त्या निळ्या पडद्यावर लिनक्सच्या वाट्यासमोर खरंच ‘अननोन’ असंच लिहून येतं. खाली सूचना असते, पार्टिशन काढायचं तर ‘डी’ दाबा, आणि खात्रीसाठी ‘एल’. दोन कळा. तीन वर्षं गेली. फाईली परत मिळवायचे प्रोग्रॅम चालवून पाहिले, चार-दोन तुकड्यांपलीकडे काही हाती आलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. भरलेली जागा रिकामी दिसतेच कशी? जमेल तसं वाचत गेलो. त्यातून एक इतिहास सापडला, तो सांगतो.

*

सुरुवात १९८३ च्या मार्चमध्ये होते. आयबीएमनं पीसी एक्सटी नावाचं मशीन बाजारात आणलं. त्यात हार्ड डिस्क होती १० एमबीची. आज मोबाईलवर काढलेले दोन-तीन फोटोसुद्धा त्यात मावणार नाहीत. पण तेव्हा फ्लॉपीवर चालणाऱ्या जगात १० एमबी म्हणजे माळावरचं मोठं रान होतं. त्यात नांदणारे अनेक होते. मायक्रोसॉफ्टचं डॉस होतं, डिजिटल रिसर्चचं सीपी-एम होतं, युनिक्सच्या घराण्यातलं झेनिक्स होतं. कुठली सिस्टिम टिकणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात, ५१२ बाइटांच्या जागेत, एक व्यवस्था केली गेली. तिचं नाव मास्टर बूट रेकॉर्ड. ५१२ पैकी ४४६ बाइट एका चिमुकल्या प्रोग्रॅमला. मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी हा उठतो. ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला. उरलेले दोन शिक्क्याचे. तक्त्यात प्रत्येक वाट्याची नोंद १६ बाइटांची. म्हणजे नोंदी चारच. शिवाय प्रत्येक नोंदीत एक खूण: सध्या चालू वाटा कोणता. त्या वेळी दुसरी सिस्टिम हवी असेल तर ‘एफडिस्क’ नावाचा प्रोग्रॅम चालवून ती खूण दुसऱ्या नोंदीवर न्यायची आणि मशीन परत सुरू करायचं.

मला हे वाचून थेट तलाठी कार्यालय आठवलं. हा डिस्कचा सातबाराच की! जमीन किती, कुठून कुठपर्यंत, कुणाची, आणि आत्ता कसतो कोण. पुढं चार नोंदी पुरेनात म्हणून एका वाट्याच्या पोटात आणखी वाटे पाडायची सोय आली. पोटहिस्सेच म्हणा.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पर्सनल कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची मूळ रचनाच एकापेक्षा जास्त सिस्टिम शेजारी शेजारी राहतील असं धरून झाली होती, आणि तेही १० एमबीत. ड्युअल बूट हा नंतर कुणा हौशी पोरांनी काढलेला उद्योग नव्हे. सगळी डिस्क एकाच सिस्टिमची, ही पद्धत नंतरची.

*

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ओएस-टू आणलं. लोकांची जुनी कामं डॉसमध्ये अडकलेली, डिस्क लहान, दोन वेगळे वाटे पाडायला जागा कुठली? म्हणून त्यात एक तोड निघाली. दोन्ही सिस्टिम एकाच सी ड्राइव्हवर राहायच्या. आदेश दिला की सुरुवातीच्या फाईलींची अदलाबदल व्हायची आणि पुढच्या वेळी दुसरी सिस्टिम उठायची. एक चूल, दोन सुना, आणि स्वयंपाकाच्या पाळ्या. या सोयीचं नावच ‘ड्युअल बूट’ होतं. १९९२ च्या ओएस-टू २.० मध्ये मग बूट मॅनेजर आला. सुरू होताना यादी दाखवायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी त्याला १ एमबीचा स्वतंत्र वाटा लागायचा.

१९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं ३८६ मशीन घेतलं आणि त्यावर मिनिक्स नावाची शिकाऊ सिस्टिम टाकली. शेजारी तो स्वतःची सिस्टिम लिहीत होता. युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरला मोडेमनं फोन लावायचा प्रोग्रॅमही त्याचाच. एकदा मोडेमला द्यायचा आदेश चुकून हार्ड डिस्कलाच गेला. डिस्कला फोन लावला म्हणा ना! मिनिक्सच्या वाट्याची सुरुवातच पुसली गेली. परत मिनिक्स टाकत बसायचं की आपलंच पुढं न्यायचं? त्यानं दुसरा रस्ता धरला. लिनक्स स्वतःच्या पायावर उभं राहिलं त्याच्या मागं हा अपघातही आहे. माझ्या अपघातातून काही जन्माला आलं नाही, हा भाग वेगळा.

लिनक्स नवीन घरात राहायला आलं नाही, आधीच्या बिऱ्हाडात एक खोली मागून आलं. नव्वदच्या दशकात ज्यानं ज्यानं लिनक्स टाकलं, त्याच्या डिस्कवर आधी डॉस किंवा विंडोज होतंच. डिस्कचा सगळा सातबारा एकाच्याच नावे. त्यातून वाटा काढायचा तर सगळं पुसून परत वाटणी करायची, हाच मार्ग. मग ‘फिप्स’ नावाचं एक छोटं फुकट अवजार आलं. डिस्कवर इकडं तिकडं विखुरलेल्या फाईली आधी डीफ्रॅग करून एका कडेला सारायच्या आणि रिकाम्या झालेल्या टोकाला बांध घालायचा. आतलं सामान न हलवता खोलीत भिंत बांधण्यासारखं काम. ‘पार्टिशन मॅजिक’ नावाचं विकतचं सॉफ्टवेअरही याच कामासाठी खपायचं.

यात आणखी एक अडचण होती आणि ती जागेपेक्षा वाटेची होती. मशीनचा बायोस, म्हणजे सगळ्यात आधी जागा होणारा भाग, डिस्कवर १०२४ सिलिंडरच्या पलीकडे पाहूच शकायचा नाही. जुन्या हिशेबानं ही हद्द ५२८ एमबीवर संपायची, नंतर ती ८.४ जीबीपर्यंत सरकली. लिनक्सचा वाटा त्या हद्दीपलीकडे पडला की जागा भरपूर, पण तिथून उठवायला कुणी पोचतच नाही. शेत आहे, रस्ता नाही. म्हणून लोक डिस्कच्या सुरुवातीला लिनक्सच्या बूट फाईलींपुरता एक लहानसा तुकडा काढून ठेवायचे.

आपल्याकडे हे सगळं आलं ते मासिकातून. ‘पीसी क्वेस्ट’नं १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढं दर वर्षी देत राहिलं. इंटरनेट तेव्हा शहरातही दुर्मिळ, आमच्यासारख्या गावात तर नावच ऐकलेलं. नंतर उबुंटूवाले सीडी थेट घरी पाठवायला लागले, जगात कुठेही, टपालखर्चासकट फुकट. माझी सीडी २००६ मध्ये तशीच आली. आमच्या पोस्टमननं पाकीट उलटंपालटं करून विचारलं होतं, "परदेशात कोण आहे तुमचं?"

*

इथपर्यंतचा इतिहास अडचणीतून वाट काढण्याचा आहे. पुढचा इतिहास दारावर कोण उभा राहणार याचा आहे.

ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्यां-लुई गासे यांनी ‘बी’ नावाची कंपनी काढली होती. तिची बीओएस ही सिस्टिम दिसायला देखणी आणि चालायला चपळ होती. १९९८ मध्ये ती साध्या पीसीवर चालायला लागली. विंडोज हटवा असं ते म्हणतच नव्हते. शेजारी राहू द्या, एवढंच मागणं. २००० मध्ये त्यांनी फुकट आवृत्ती काढली, ती तर विंडोजच्याच आत ५०० एमबीची एक फाईल बनून राहायची. वेगळा वाटासुद्धा नको.

जपानमध्ये हिताचीनं एक मशीन काढलं, त्यात विंडोज ९८ आणि बीओएस दोन्ही घातलेल्या होत्या. जागेची काही अडचण नव्हती. पण मशीन सुरू केलं की थेट विंडोज उठायचं. निवडीची यादी दिसायचीच नाही. आत बीओएस आहे हे गिऱ्हाइकाला कळायचं असेल तर वेगळ्या सूचना वाचून ती स्वतः जागी करावी लागायची. बी कंपनीचं म्हणणं होतं की, मायक्रोसॉफ्टचे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांशी असलेले परवान्याचे करारच असे होते की शेजारी दुसरी सिस्टिम दाखवायची कुणाची छाती होऊ नये. कंपनीचं तंत्रज्ञान २००१ मध्ये पामला विकलं गेलं. २००२ मध्ये तिनं मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली नाही. पैसे आले तेव्हा बीओएसचं दुकान बंद होऊन गेलं होतं.

माझ्या मते या सगळ्या कहाणीचं मर्म इथं आहे. जागा होती, घर होतं, माणूस आत राहत होता. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव नव्हतं.

विंडोजची एक सवय तर आमच्यासारख्या प्रत्येकाला ठाऊक होती. लिनक्स नंतर टाकलं तर ते आधी डिस्क बघायचं, विंडोज सापडलं की त्याचं नाव यादीत घालायचं. विंडोज नंतर टाकलं तर ते पहिल्या ५१२ बाइटांतला तो दरवान बदलून आपला बसवायचं, दुसऱ्या कुणाची चौकशी न करता. म्हणून नियमच पडला होता: आधी विंडोज, मग लिनक्स. दुकानातल्या पोरानं वाटा पुसला नसता तरी त्या दिवशी लिनक्सचं दार बंद झालंच असतं. फरक एवढाच की दार परत उघडता आलं असतं.

*

आता आपल्या रायगड जिल्ह्यातली गोष्ट. कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्यावर एकशिक्षकी शाळा. २००७ मध्ये तिथल्या वीस-बावीस मुलांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या निकोलस निग्रोपाँटी यांच्या प्रकल्पाचा हा भारतातला पहिला प्रयोग. १०० डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याचा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात तो दोनशेच्या जवळ गेला. त्याआधीच २००६ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं या योजनेला नकार दिला होता, त्यामुळे हा प्रयोग सरकारी योजनेबाहेरचा.

त्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. होती १ जीबीची फ्लॅश मेमरी आणि २५६ एमबी रॅम. एवढ्यात लिनक्सवरची ‘शुगर’ नावाची मुलांसाठी केलेली सिस्टिम चालायची. मग २००८ मध्ये जाहीर झालं की, या लॅपटॉपवर विंडोज एक्सपीही चालेल. अनेक देशांच्या सरकारांना विंडोज हवं होतं, हे त्यामागचं कारण. परवाना फक्त ३ डॉलरचा. पण एक्सपी १ जीबीत मावेना. त्याला २ जीबीचं मेमरी कार्ड जोडावं लागलं. दोन्ही सिस्टिम हव्या असतील तर जास्तीच्या हार्डवेअरचे आणखी ७ डॉलर.

आकडे परत बघा. विंडोजची किंमत ३ डॉलर, ते ठेवायच्या जागेची ७. गरीब देशांतल्या लाखो मुलांच्या हिशेबात ७ डॉलर ही मोठी रक्कम असते. प्रकल्पात यावरून फूट पडली. सॉफ्टवेअरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाहेर पडले आणि त्यांनी शुगर पुढं चालवायला वेगळी संस्था काढली.

त्याच सुमारास असुसचा ‘ईई पीसी’ आला. ४ जीबी जागा, आत लिनक्स, किंमत कमी. लोकांनी भराभर घेतला. मायक्रोसॉफ्ट तेव्हा एक्सपी बंद करून व्हिस्टा विकत होतं, पण व्हिस्टा एवढ्याशा जागेत बसणं शक्य नव्हतं. म्हणून अशा स्वस्त मशीनपुरती एक्सपीची विक्री जून २०१० पर्यंत वाढवण्यात आली. लहान डिस्कनं मोठ्या कंपनीला तिचा जुना माल परत बाहेर काढायला लावला. असे विजय या इतिहासात थोडे आहेत, म्हणून सांगितला.

*

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि सातबाऱ्याची जुनी पद्धत बदलली. चार नोंदींऐवजी १२८ नोंदींचा नवा तक्ता, आणि दरवानासाठी स्वतंत्र छोटा वाटा. चांगलीच सुधारणा. पण सोबत ‘सिक्युअर बूट’ आलं. ज्याच्यावर ओळखीची सही आहे तोच प्रोग्रॅम सुरू होईल. कारण खरं होतं, सुरुवातीलाच घुसणारे व्हायरस रोखायचे होते. मात्र जवळपास सगळ्या मशीनवर ओळखीची सही म्हणजे मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवाल्यांनी मग ‘शिम’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करून त्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही घेतली. शेजाऱ्याच्या शिक्क्यानं आपल्या घरात जायचं. तेव्हा साध्या पीसीवर ही तपासणी बंद करायची सोय ठेवणं उत्पादकांना बंधनकारक होतं. विंडोज १० पासून ते त्यांच्या मर्जीवर गेलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ते लागू होणार नाही असं सांगितलं होतं. अनेक ठिकाणी लागू झालं. सकाळी मशीन सुरू केलं तर लिनक्सच्या जागी सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश. कुणी दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. शेजारी आहे हे त्या अपडेटला नीट ओळखता आलं नाही. दुकानातल्या पोराचं तेच झालं होतं.

त्याच वर्षी जानेवारीत तर विंडोज स्वतःच्याच वाटणीत अडकलं. एका अपडेटला रिकव्हरीच्या वाट्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. हा वाटा विंडोजनंच अनेक मशीनवर पूर्वी तोकडा पाडून ठेवलेला. अपडेट फसत राहिलं. लोकांनी हातानं बांध सरकवावा, अशा सूचना निघाल्या.

*

आता आजचं बोलू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या ऑफिसच्या मशीनमध्ये १२० जीबीची एसएसडी (दिसते १११), रॅम ८ जीबी, प्रोसेसर जुना. विंडोज ११ नं नकार दिला. विक्रेता म्हणाला, फेकून द्या. मशीन मात्र ठणठणीत आहे.

विंडोज काढूनही चालत नाही. आमचे जुने अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते उघडायचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, मागं डोंगल लावून. छोट्या गावातल्या प्रत्येक छापखान्यात आणि साप्ताहिकात हीच परिस्थिती आहे. आमच्या तालुक्याचा वीस वर्षांचा इतिहास असल्या फाईलींत पडलाय. तो वाचणारं यंत्र गेलं की त्या फाईलीही ‘अननोन’.

म्हणून परत वाटणी केली. कुणाला करायची असेल तर अनुभव सांगतो.

सगळ्यात आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप, आणि तो उघडून बघणं. मग विंडोजमधूनच सी ड्राइव्ह लहान करायला घेतला. ५० जीबी रिकामे दिसत होते, तरी विंडोज ९ च सोडायला तयार. कारण हायबरनेटची फाईल, पेजफाईल आणि रिस्टोअर पॉइंट अशी न हलणारी बिऱ्हाडं मध्येच बसलेली असतात. ती तात्पुरती बंद केली, मशीन परत सुरू केलं, तेव्हा ४९ सुटले. विंडोजला ६२ ठेवले, लिनक्स मिंटला २५ दिले, उरलेले २४ दोघांच्या सामाईक फाईलींना. स्वॅपसाठी वेगळा वाटा काढला नाही, फाईलवर भागतं. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंदच ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, डुलकी घेतं, आणि सामाईक वाट्यात लिनक्सला नीट लिहू देत नाही. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

एक गंमतही झाली. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागं. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं तेव्हा भांडण मिटलं. तोवर आमचा ऑपरेटर दोन दिवस ‘अजून दुपारच आहे’ म्हणून निवांत बसला होता.

आता इंटरनेट, मेल, बातम्या सगळं लिनक्समध्ये. विंडोज इंटरनेट तोडून, फक्त जुने अंक उघडायला. रोज दोन-तीन जुने अंक युनिकोडमध्ये आणतोय. कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. मशीन आणखी पाच वर्षं सहज जाईल.

हे सगळं लिहायचं कारण हे की, येत्या वर्षभरात शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, वाचनालयांच्या, पतसंस्थांच्या ऑफिसांतून विंडोज १० ची मशीन बाहेर निघणार आहेत. काही भंगारात जातील, काही ‘फॉरमॅट मारून’ परत येतील. कमिटीवर असाल, सरपंच असाल, मुख्याध्यापक असाल तर दोनच प्रश्न विचारा. यात काय आहे ते कुणी वाचून पाहिलं का? आणि हे मशीन दुसऱ्या सिस्टिमवर चालेल का, ते कुणी तपासलं का?

बातमीदारीत वीस वर्षं गायरानाच्या आणि वनहक्काच्या बातम्या केल्या. कागदावर पडीक लिहिलेल्या जमिनीवर तीन पिढ्यांची गुरं चरताना पाहिली. कागद करणारा दरवेळी लबाड असतो असं नाही. त्याच्या नमुन्यात त्या वापरासाठी रकानाच नसतो.

बहात्तरच्या नोंदींसाठी मी नंतर परत त्या गावांना गेलो होतो. तीसपैकी अकरा जण भेटले. बाकीच्यांच्या घरी हार घातलेले फोटो होते. अकरा जणांचं परत लिहून घेतलं. या वेळी आधी वहीत.

आणि ऑफिसच्या त्या मशीनच्या डब्यावर मार्करनं ठळक लिहून ठेवलंय: "यात दोन सिस्टिम आहेत. ‘अननोन’ दिसेल ती जागा रिकामी नाही. काही करण्याआधी मला फोन करा."